द्राक्षांच्या जिल्ह्यात मधपेटी

नाशिक जिल्ह्यात मधमाशी पाळायची तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. इथलं सर्वांत नावाजलेलं पीक, द्राक्ष, तिच्यावर अवलंबून नाही. द्राक्षाचं फूल उभयलिंगी असतं आणि स्वतःच्याच परागावर मणी धरतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बागायतदाराला माशी जगली काय नि मेली काय, घडात फरक दिसत नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या बांधापलीकडे बियाण्यासाठी कांद्याचे डेंगळे लावलेले असतात, आणि तिथे माशी फिरकली नाही तर गोंड्यांत बी भरत नाही. कसमादे पट्ट्यातलं डाळिंब, पेठ-सुरगाण्याच्या उतारांवरची खुरासणी यांनाही माशी हवीच. खुरासणी तर स्वतःच्या परागाने बी धरतच नाही. माशीवाचून काही न अडणारं पीक आणि माशीवाचून अडणारं पीक, दोन्ही इथे एकमेकांना खेटून उभी आहेत. हौसेने एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याला या दोघांच्या मध्येच जागा शोधावी लागते.

पुढचं बोलणं मामा-भाचीचं आहे. मामा निफाड तालुक्यातले. द्राक्षबाग आणि थोडे डेंगळे. भाची नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला राहते. घरामागच्या जागेत तिच्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत. दोघांची मतं जुळत नाहीत. मला दोघांचंही ऐकण्यासारखं वाटतं. दोन मुद्द्यांवर मात्र मी उघडपणे भाचीच्या बाजूचा आहे, ते पुढे येतील.

मामा : आधी मला सांग, हे कशासाठी? धंदा म्हणून माशी पाळणारा मला कळतो. तो मेलिफेरा जातीच्या माशीच्या पेट्या ट्रकमध्ये घालून फुलांमागे गावोगाव जातो. त्याचं पोट त्यावर आहे, म्हणून तो माशी सांभाळतो. हौशी माणूस पहिल्या थंडीत कौतुकाने बघतो आणि पहिल्या पावसात विसरतो. मग रिकाम्या पेटीत मेणकिडा वाढतो आणि शेजारच्यांच्या पेट्यांत शिरतो.

भाची : विसरणारे असतात, खरंय. पण मामा, धंदेवाला फुलं संपली की निघून जातो. मी बारा महिने एकाच जागी आहे. माझ्या आसपास काय कधी फुलतं, कुठे पाणी साचतं, कुठे कधी फवारा मारतात, हे मला पाठ करावंच लागतं.

मामा : मग निदान मध तरी भरपूर मिळेल अशी माशी घ्यायची. सातेरीची पेटी वर्षाला देऊन देऊन किती देणार? पाच-सात किलो, फार तर दहा. मेलिफेरा त्याच्या तिप्पट-चौपट देते.

भाची : देते, पण ट्रकवर चढून. एका जागी ठेवलेल्या मेलिफेराला पोसायला सूर्यफुलाची, मोहरीची शिवारंच्या शिवारं लागतात. तिचं कुटुंब भरात असताना पन्नास हजारांवर जातं, सातेरीचं त्याच्या निम्म्यानेही क्वचित. मोठं घर, मोठी भूक. पावसाळ्यात साखर पाजून पाजून माझे हात दुखतील. शिवाय ती परदेशी. १९६० च्या दशकात पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हिमाचलातल्या नगरोट्याला तिचा जम बसवला, तिथून ती देशभर गेली. आणि परजीवी व्हरोआ कोळी मूळचा आपल्या आशियाई माशीवरचा. सातेरी त्याला अंगावरून खुडून काढते, आणि तो बहुतेक नरांच्या कोशांतच वाढतो म्हणून तिचं फार बिघडत नाही. मेलिफेराला ही विद्या नीट येत नाही. तिच्या पेटीवर कोळ्याची मोजणी आणि औषध हे कायमचं काम होऊन बसतं. नवख्याने ते का ओढवून घ्यावं?

मामा : सातेरी तरी कुठे सरळ आहे? जरा मनाविरुद्ध झालं की पेटी टाकून चालती होते. मुंग्या आल्या, चालली. उन्हाने पेटी तापली, चालली. तुझ्यासारखं कुणी सारखं उघडून बघितलं, चालली.

इथे मामांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. नवख्याचा हात सगळ्यांत जास्त चुकतो तो झाकणावर.

भाची : थंडीत, फुलं असताना, आठ-दहा दिवसांनी उघडावीच लागते. वसाहत फुटायच्या बेतात असली तर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं लोंबायला लागतात. ती वेळेत दिसली तर मी जुन्या राणीसह दोन-तीन चौकटी दुसऱ्या पेटीत घालते आणि एकाच्या दोन वसाहती होतात. नाही दिसली तर अर्धं घर राणीसकट शेजाऱ्यांच्या आंब्यावर.

मामा : जानेवारी-फेब्रुवारीत बघ की. तेव्हा मी नाही म्हणत नाही. एरवी दार बघायचं, झाकण नाही. सकाळी पाच मिनिटं दारापाशी बसलं तर सगळं कळतं. पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या आत जातायत म्हणजे आत पिल्लं आहेत, राणी अंडी घालते आहे. दाराशी कुस्त्या चालल्यात म्हणजे बाहेरच्या माश्या मध लुटायला आल्यात. भुगा पडतोय म्हणजे आत मेणकिडा. आणि माशी जमिनीवर सरपटते आहे, जीभ बाहेर लोंबते आहे, म्हणजे विष.

भाची : ते शेवटचं तुम्हीच सांगताय, बरं झालं. त्यावर येऊच. पण दारावरून राणी गेलेली लगेच कळत नाही. जुनी पिल्लं असेपर्यंत पराग येतच राहतो. त्यासाठी एक चौकट उचलावीच लागते.

मामा : एक. आणि राणी शोधत बसू नकोस. लोक राणी दिसेपर्यंत पेटी उघडी ठेवतात, वीस-वीस मिनिटं. सूर्य पाठीमागे घे, मधली चौकट उचल, घराच्या तळाशी उभं अंडं दिसतंय का बघ. अंडं तीन दिवसांतच फुटतं. म्हणजे अंडं दिसलं की तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती, काम झालं. एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसली तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात, हे समज. आणि चौकट धरशील ती उभी, पेटीच्या वर. आडवी केलीस तर उन्हात मऊ झालेलं नवं पोळं तुटून खाली येतं.

भाची : नरांच्या कोशांचंही सांगा ना. सातेरीच्या नराच्या कोशाच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असतं. नवखे लोक ते बघून रोग म्हणून घाबरतात आणि चांगली पोळी कापून टाकतात.

मामा : खरंय. त्या जातीची ठेवणच तशी आहे. रोग दिसतो तो वेगळा. थाई सॅकब्रूड झाला तर अळी टोपणाखाली पिशवीसारखी होऊन मरते, डोकं वर करून. १९९१-९२ मध्ये त्या विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. त्याला औषध नाही. अशी पेटी दिसली तर तिची पोळी, तिची अवजारं दुसऱ्या पेटीला लावायची नाहीत.

भाची : म्हणूनच मी नवख्यांना म्हणते, पेटी आणण्याआधी शिकून या. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे.

मामा : शिकायला जावं. फक्त महाबळेश्वरचं बघून इथे तसंच करू नये. त्या तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, पण तिथे दाराशी जंगल आहे. जांभूळ, हिरडा, गेळा. कारवी फुलली की विचारायलाच नको. आपल्याकडे तसलं रान त्र्यंबक-इगतपुरीकडे. गंगापूर रोडला काय आहे?

भाची : तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. शेवगा जवळजवळ वर्षभर. थंडीत आंबा, कोथिंबीर, निलगिरी. मार्च-एप्रिलला करंज, कडुनिंब, शिरीष, जांभूळ. तुळस प्रत्येक अंगणात. कुंपणावरचा आइसक्रीमचा वेल माश्या दिवसभर सोडत नाहीत. प्रश्न फुलांचा आहे तो जून ते सप्टेंबर.

मामा : आता बोललीस. मध काढण्याच्या गोष्टी सगळे सांगतात, पावसाळ्याची कुणी सांगत नाही.

भाची : पाऊस लागला की माशीला बाहेर पडता येत नाही, आणि पडली तरी फुलातला रस धुऊन गेलेला असतो. पराग थोडा मिळतो, मक्याचा, काकडी-दोडक्याचा, तेरड्याचा. पोट भरायला ते पुरत नाही. साखर आणि पाणी समान घेऊन, पाणी उकळून, पाक गार झाल्यावर मी तो संध्याकाळी पेटीच्या आत ठेवते. दिवसा ठेवला किंवा बाहेर सांडला की लूटमार सुरू. पाकाच्या वाटीत काड्या टाकायच्या, नाहीतर माश्या बुडून मरतात. गूळ कधीच नाही, त्यांचं पोट बिघडतं.

मामा : आणि मी म्हणतो, साखर पाजायची वेळच का यावी? तू मे महिन्यात शेवटचा मध काढतेस आणि जूनमध्ये त्यांनाच दुकानातली साखर पाजतेस. हा कुठला न्याय? जांभळाचा मध त्यांच्याजवळ राहू दे. सोबत दोन भरलेल्या चौकटी असल्या तर अर्धा पावसाळा निघतो.

भाची : त्याला माझी ना नाही. या वर्षीपासून एप्रिलनंतर वरच्या मधकोठ्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. पण मामा, उरलेला अर्धा पावसाळा? तुम्ही म्हणता जी तगेल ती तगेल.

मामा : म्हणतो. रानातली सातेरी तशीच तगते. भिंतीच्या भोकात, उंबराच्या ढोलीत तिला कोण पाक देतं?

भाची : ढोलीतली माशी जागा न पटल्यास उठून जाते, आपली जागा आपण निवडते. ही माझ्या पेटीत माझ्या म्हणण्याने बसली. मी तिचा मध घेतला. मग तिला उपाशी ठेवून निसर्गाचं नाव पुढे करायचं, हे मला पटत नाही.

मामा यावर काही बोलले नाहीत. मला भाचीचं हे म्हणणं बिनतोड वाटतं. हलत्या चौकटींची पेटी माणसाने आपल्या सोयीसाठी केली. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथने चौकटीभोवती सोडायची नेमकी फट ओळखली आणि तेव्हापासून पोळं न तोडता चौकट बाहेर काढता येऊ लागली. ही सोय घेणाऱ्याच्या गळ्यात पावसाळ्याची काळजीही आपोआप पडते.

मामा : बरं, मग पावसाळ्यात काय काय करायचं ते नीट सांग तरी. नुसता पाक पाजून भागत नाही.

भाची : मधकोठा उतरवायचा. माश्या जेवढी पोळी झाकू शकतात तेवढीच ठेवायची, बाकीची काढायची. ज्या पोळ्यावर माशी बसत नाही त्याच्यावर मेणकिड्याचे पतंग अंडी घालतात. सातेरी स्वतःचं जुनं काळं पोळं कुरतडून तळपाटावर चुरा पाडते, आणि मेणकिड्याची अळी त्या चुऱ्यात पोसली जाते. म्हणून तळपाट आठवड्याला खरवडून पुसायचा. एवढ्यासाठी झाकण उघडावं लागत नाही, पेटी उचलून तळपाट काढता येतो. काढलेली जुनी पोळी वितळवून मेण करायचं, सांभाळून ठेवायची नाहीत. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी, आणि त्या वाट्यांतलं पाणी डासांसाठी बदलत राहायचं. पेटी किंचित पुढे झुकलेली, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

मामा : आणि चालती व्हायच्या बेतात असेल तर?

भाची : तर पराग आणणं थांबतं, नवी अंडी दिसत नाहीत, साठवलेला मध संपत येतो. तेव्हा दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट, माश्या झटकून, तिच्यात देते. पिल्लं सोडून जायला त्या सहसा तयार होत नाहीत. म्हणून नवख्याने एक पेटी ठेवू नये, दोन ठेवाव्यात. एकीचं बिघडलं तर दुसरीतून देता येतं.

मामा : हे पटलं. दोनच, दहा नको.

भाची : आता तुमच्या त्या लोंबणाऱ्या जिभांवर येऊ?

मामा : ये. मला माहीत होतं.

भाची : नोव्हेंबरमध्ये आमच्या पलीकडे मखमलाबादच्या बाजूने फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला की मी दाराशी जाऊन उभी राहते. दुपारपर्यंत पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा. गोडी छाटणीनंतर बागा फुलोऱ्यात येतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बागायतदार थ्रिप्ससाठी कीटकनाशक मारता.

मामा : मारतो. फुलोऱ्यात थ्रिप्सने मणी ओरखडले की तो माल निर्यातीला जात नाही. वर अवेळी पाऊस झाला की डाऊनी रोग एका रात्रीत घड घेऊन जातो. वर्षभराचा पैसा त्या दोन आठवड्यांत अडकलेला असतो. माशी आमच्या बागेत येते ती तिच्या गरजेने. मला ती नको.

भाची : ती तुमच्या घडासाठी येतच नाही फारशी. ओळींमध्ये वाढलेल्या तणाच्या फुलांवर येते आणि ठिबकखालच्या ओलीवर पाणी प्यायला येते. फवारणीच्या आधी तण कापलं तर अर्ध्या माश्या येणारच नाहीत. डाऊनीच्या औषधाला मी काही म्हणत नाही. पण त्याच टाकीत कीटकनाशक मिसळून सकाळी दहा वाजता मारता, माशी भरात असताना. तेच सूर्य मावळल्यावर मारा.

मामा : निफाडमध्ये सूर्य मावळल्यावर बागेत जा म्हणतेस? उसातून बिबट्या बाहेर येतो. मजूर थांबत नाही, आणि मीही त्याला थांब म्हणणार नाही.

भाची : मग मखमलाबादच्या बागायतदारांनी आदल्या दिवशी मला एक फोन करावा. बस, एवढंच.

मामा : फोन आल्यावर काय करशील?

भाची : रात्री सगळ्या माश्या परतल्या की दाराला बारीक जाळी लावीन, वर ओलं गोणपाट टाकीन, आत पाक ठेवीन. दुसऱ्या संध्याकाळी उघडीन. नोव्हेंबरच्या गारव्यात एक दिवस त्या काढतात. एप्रिलच्या उन्हात असं करता येत नाही, बंद पेटीत पोळी वितळून सगळ्या मरतात. तेव्हा पेटीच दुसरीकडे, त्यांच्या उडण्याच्या टप्प्याबाहेर न्यावी लागते.

याही मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा आहे. बागायतदाराला वेळ बदलणं खरोखर जड जातं, बिबट्याची भीती खोटी नाही. पण एक फोन करायला काहीच लागत नाही. पेटी आणण्याच्या आधी आसपासच्या प्रत्येक बागायतदाराचा नंबर मोबाइलमध्ये असावा, आणि पहिली मधाची बाटली घरात न ठेवता त्यांच्याकडे जावी.

मामा : बरं, आणि शहरातले शेजारी? त्यांना औषधाचा नाही, डंखाचा त्रास.

भाची : पेटीचं दार पूर्वेकडे आणि समोर पुरुषभर उंचीचं कुंपण. म्हणजे माशी दारातून सरळ वर उठते, माणसांच्या डोक्यावरून जाते. पाण्याचं ताट पेटीजवळच, नाहीतर शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या नळावर गर्दी करतात. त्यांच्या विष्ठेचे पिवळे ठिपके वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. हे आधीच सांगून ठेवलं तर भांडण होत नाही. डंख बसला तर नखाने खरवडून लगेच काढायचा आणि त्या जागेवर धूर द्यायचा, कारण डंखाच्या वासाने बाकीच्या येतात. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो, म्हणून केळं खाऊन पेटीपाशी जायचं नाही. कुणाला अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात.

मामा : आणि इमारतीवर आग्यामोहोळ लागलं की लोक तुलाच बोलावत असतील.

भाची : बोलावतात. मी जाऊन सांगते, पावसाआधी ते आपणहून जाईल, जाळू नका. आग्या पेटीत राहत नाही, पण तुमच्या डेंगळ्यांवर माझ्या सातेरीपेक्षा जास्त काम तीच करते.

मामा : तेही बघितलंय मी. बरं, मध कधी काढावा, ते राहिलं.

भाची : वरच्या कोठ्यातल्या चौकटीची पाऊण घरं मेणाने बंद झाल्यावर. आधी काढला तर पाणी जास्त राहतं आणि मध आंबतो. सरकारी निकषात २० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. खालच्या पिल्लांच्या कोठ्याला मधासाठी हात लावायचा नाही. पाक पाजत असताना मधकोठा ठेवायचा नाही, नाहीतर साखरच मध म्हणून बाटलीत जाईल. थंडीत मधात दाणे पडले तर तो खोटा नसतो, कोमट पाण्यात बाटली ठेवली की विरघळतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. मग आजी कितीही आग्रह करो.

मामा : माझ्या डेंगळ्यांत जानेवारीत पेट्या आणशील? मागच्या हंगामात गोंडे मोठे झाले पण बी पोकळ निघालं.

भाची : आणीन. पण फुलोऱ्यात डेंगळ्यांवर कीटकनाशक मारायचं नाही, फुलं उमलण्याच्या आधी काय मारायचं ते मारा. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. म्हणजे एका फुलातला पराग दुसऱ्या फुलावर माशीनेच न्यावा लागतो.

मामा : मग पेट्या लगेच डिसेंबरातच आण, माश्यांना सवय होईल.

भाची : उलटं. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅश जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. फुलं नसताना पेटी आणली तर ती आजूबाजूच्या कोथिंबिरीचा, मोहरीचा रस्ता धरते आणि मग डेंगळ्यांकडे वळत नाही. शंभरातली दहा फुलं उमलली की मला कळवा, त्या रात्री पेट्या आणते. एकरी दोन तरी हव्यात. आणि शेजारच्यांची कोथिंबीर तेव्हाच फुलावर येणार असेल, तर तेही बघून ठेवा.

मामा : कोथिंबीर माझ्या चुलतभावाची आहे. त्याला बियाण्यासाठी ठेवायची आहे, तो काढणार नाही.

भाची : मग दोनऐवजी चार पेट्या लागतील. आणि फवारणीचा फोन त्यांनाही करावा लागेल.